मागील बाकी

खतावणी सव्वादोन किलोची भरली.
गोदामात, जेवणाच्या सुट्टीत,
पार्सलांच्या काट्यावर ठेवून पाहिली मी.
इथे कशाचंही वजन करायची सवय लागते.

आत एक दुकान आहे, मिनेसोटाच्या उत्तरेचं:
मीठ, रॉकेल, खाणीतले बूट, फिनिश वर्तमानपत्रं.
दुकान कुणाचं? सगळ्यांचं.
म्हणजे भांडणही सगळ्यांचंच.

पणजोबा तौनो हिशेब लिहायचे.
शून्यसुद्धा काटकसरीने काढलेलं.
त्यांचा भाऊ वैक्को भाषणं करायचा.
एकोणतीसच्या हिवाळ्यात सभागृहात मतदान झालं,
दुकानाचा नफा पक्षाला द्यावा की नाही.
मधे शेगडी.
अलीकडे, ज्यांना क्रांती आधी हवी होती,
पलीकडे, ज्यांना पीठ आधी हवं होतं.
त्यानंतर दोघे भाऊ एका सॉनात बसले नाहीत,
आणि फिनिश घरात
याहून मोठी फाटाफूट नसते.

बत्तीस साली वैक्कोने मोटार विकली,
करवती तेल लावून गोणपाटात गुंडाळल्या,
आणि बोटीने करेलियाला गेला.
तिथल्या जंगलाला म्हणे मालक नव्हता.

पहिलं पत्र: पाइन तेच, बर्फ तोच, बूट जरा कमी.
दुसरं: शाळा निघाली, आपल्या भाषेत.
तिसरं: गाणी बसवतो आहोत, चष्मा फुटला.
चौथं, खूप उशिरा: शाळेची भाषा बदलली.
वर्तमानपत्रं पाठवू नका.

पुढे पत्र नाही.
पुढे हे पान आहे.

सभासद क्रमांक एकशे बारा, राउतिओ वैक्को.
सन अडतीस. खरेदी नाही.
दहा डॉलरच्या भागावर व्याज, चाळीस सेंट, जमा.
एकोणचाळीस. खरेदी नाही. चाळीस सेंट, जमा.
चाळीस.
एकेचाळीस.
महायुद्ध येऊन गेलं, शाई निळ्याची काळी झाली,
चाळीस सेंट, जमा.
संचालक म्हणाले, खातं बंद करा आता.
तौनो म्हणाले, नियमाप्रमाणे सही लागते.
त्याची सही आणा, करतो.

भाऊ चुकला होता की बरोबर,
याबद्दल सव्वादोन किलोंत एक ओळ नाही.
एकसष्ट साली दुकानच मिटलं.
चोवीस नोंदी. नऊ डॉलर साठ सेंट.

परवा रात्रपाळी सुटल्यावर आम्ही सात जण
डुलुथच्या एका लाँड्रीत जमलो,
कारण तिथे ऊब फुकट असते.
मनगटावरचं यंत्र सेकंद मोजतं,
लघवीचेही मोजतं,
आणि संपासाठी निधी हवा होता.
पत्रकात समाजवाद हा शब्द नको, चौघे म्हणाले.
दोघे म्हणाले, हवाच.
खुर्च्या सरकायला लागल्या.
तो आवाज मी वाचलेला होता.

होदान वारसामे मोज्यांच्या जोड्या लावत होती.
म्हणाली, मोगादिशूत माझ्या आजोबांना रात्री उचलून नेलं
त्यांच्या तोंडी हाच शब्द होता.
आईला ज्या पोरीने खेड्यात येऊन
वाळूत अक्षरं गिरवायला शिकवली,
तिच्याही तोंडी हाच.
मला विचारू नका.
निधी कशात लिहिणार, ते सांगा.

मी खतावणी काढली. शेवटची सदतीस पानं कोरी.
ती मागून पुढे चाळत गेली, एकशे बारावर थांबली.
हा परत आला?
नाही.
मग हे पैसे?
कुणी घेतले नाहीत.

तिने सातांचे सात डॉलर लिहिले,
आधी आमची नावं, मग रक्कम,
मग पेन वरच्या रिकाम्या ओळीवर नेऊन म्हणाली,
मागील बाकी लिहायची ना?
कुणाच्या जमा, कुणाच्या नावे, एकाने विचारलं.
ते भांडू नंतर, होदान म्हणाली,
आकडा सांग.

मी सांगितला.
ड्रायर थांबायला चार मिनिटं होती.